कामणच्या भट्टीतले शब्द

मला पोर्तुगीज येते म्हटलं की वसईतले लोक आधी किल्ल्याकडे बोट दाखवतात. जणू ती भाषा आमच्या विहिरींच्या पाण्यातच मुरली आहे. नात्यातल्या एका काकूंनी तर भर पंगतीत विचारलं होतं, "मग तू किल्ल्यातल्या दगडांवरचं वाचतेस का गं?" मी म्हटलं, दगडांवरचं वाचायला कुणी बोलावत नाही. किल्ल्याशी माझा संबंध एवढाच, की शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची. आमचं घर वाडीवाल्यांचं, केळी आणि पानवेलींचं. पोर्तुगीज मी शिकले ती तेविसाव्या वर्षी, मुंबईतल्या एका निर्यात कंपनीतली नोकरी टिकवायला. कंपनी बुडाली, भाषा राहिली.

त्यानंतर वीसेक वर्षं मी दमणच्या आणि गोव्याच्या लोकांचे जन्मदाखले इंग्रजीत आणत होते. अमुक गावी, अमुक साली, अमुक यांची औरस कन्या. नाव बदलायचं, तारीख बदलायची, शिक्का मारून द्यायचा. काम वाईट नव्हतं, पण त्याला डोकं लागत नव्हतं, आणि आपल्याला डोकं आहे असा माझा लहानपणापासूनचा समज आहे. मला यंत्रांची भाषांतरं करायची होती. एखादा शब्द अडला की दोन दिवस जेवण गोड लागू नये, असं काम हवं होतं. पन्नाशी आली तरी ते आलं नाही. नवरा म्हणायचा, "तुझ्या हातून निदान माणसं तरी जन्माला येतायत." असल्या विनोदांवर मी हसत नाही.

तीन वर्षांपूर्वी कामणहून फोन आला. भिवंडी रस्त्याला गोदामांच्या रांगेमागे तिथे काचेचा एक कारखाना आहे. दिव्यांच्या काचा, हंड्या, झुंबरांचे प्याले असं सगळं तिथे माणसं तोंडाने फुंकून करत. मालकाने पोर्तुगालमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं जुनं यंत्र घेतलं होतं आणि त्याच्याबरोबर त्याची कागदपत्रंही आली होती. अकरा खोकी, आणि त्यात एक ओळ इंग्रजी नाही. मी भेटायला गेले तेव्हा मॅनेजरने सांगितलं, पहिल्या खोक्यात सुट्या भागांच्या आकृत्या आणि नावं आहेत, तेवढ्याचं इंग्रजी करा. नीट झालं तर उरलेली दहा खोकी तुमचीच, आणि प्रत्येक पुस्तिकेवर भाषांतरकार म्हणून तुमचं नाव. हे ऐकताना मी चेहरा कोरा ठेवला होता, पण घरी येऊन मी शिरा केला.

त्याने एक कागदही सहीला पुढे केला होता. कारखान्याच्या पुढच्या बेतांबद्दल कुणाशी, विशेषतः कामगारांशी, बोलायचं नाही. मी तो न वाचता सही केली असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी भाषांतर करणारी बाई आहे, मी सगळं वाचते. पहिल्या खोक्यातलं पहिलं पानही मी वाचलं होतं. त्यात यंत्राची स्तुती होती, आणि स्तुतीतला पहिलाच मुद्दा हा होता की माणसं किती कमी लागतात.

पहिल्या आठवड्यातच माझी जिरली. काचेच्या धंद्यातले शब्द शब्दकोशात सापडत नाहीत, आणि सापडले तर भलतेच अर्थ देतात. 'आर्का' म्हणजे पेटी, ट्रंक. आकृतीत मात्र वीस-पंचवीस पावलं लांबीचा बोगदा दिसत होता. त्या गावातल्या कामगारांनी अर्ध्याअधिक भागांना आपल्या सोयीची नावं ठेवली होती, आणि ती इंटरनेटवरही कुठे नव्हती. मी मॅनेजरला म्हटलं, मला काच कळणारा माणूस द्या. त्याने भट्टीवरचे मुकादम दिले.

मुकादम कामण गावातलेच. साठीला आलेले, बुटके, हातांवरचे केस जळून गेलेले. तरुणपणी त्यांनी मुंबईत बाटल्यांच्या मोठ्या कारखान्यात यंत्रांवर काम केलं होतं. तो बंद पडल्यावर ते गावी परतले आणि इथे लागले. म्हणजे हातकाम आणि यंत्र दोन्ही जाणणारा तिथे तो एकच माणूस. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आकृत्यांचा गठ्ठा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्ये कशाला लागतं, बाय?"

"जुने कागद आहेत, काका. ऑफिसच्या रेकॉर्डला हवेत," मी म्हटलं. इतकं सहज म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी कामणला जाऊ लागले. भट्टीच्या शेडबाहेर दोन लोखंडी खुर्च्या टाकायच्या, मध्ये पिंप उलटं ठेवायचं, त्यावर आकृती. मी भागावर बोट ठेवायचे. ते सांगायचे हा काय आहे, कशाला लागतो, इथली माणसं त्याला काय म्हणतात. त्यावरून मी इंग्रजी शब्द शोधायचे. मधला धागा म्हणजे ते एकटेच. तो बोगदा बघून ते म्हणाले होते, "ही पेटी नाय, लेर हाय. गरम माल हितनं हळूहळू गार करीत न्यायचा. घाई केली का फळीवर ठेवल्या ठेवल्या आपोआप तडकतो. कोन हात लावत नाय, तरी तडकतो." मी इंग्रजी पुस्तकांत बघितलं तर शब्द खरोखरच 'लेर' होता. माझ्या शब्दकोशाला जे ठाऊक नव्हतं ते ह्यांच्या तोंडात होतं.

ते दिवस फार चांगले गेले. मी वाडीतली केळी न्यायचे, ते घरच्या परसातली भेंडी द्यायचे. एखादा भाग समजला नाही तर ते उठून, कमरेत वाकून, हातांनी यंत्र होऊन दाखवायचे. शेडमधले फुंकणारे हसायचे. अशी सोळा माणसं होती, नळीच्या टोकाला लाल गोळा फिरवत उभी. सुरुवातीला मी प्रत्येक शब्द दहा ठिकाणी ताडून बघायचे. पंधरा-वीस शब्द तंतोतंत निघाल्यावर मी ताडणं सोडून दिलं. माणसावर विश्वास बसला की बसला, तो काय मोजून ठेवतात?

अडीच महिन्यांनी मी यादी दिली. मॅनेजरने इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या, आणि जसजशी यंत्राची लाकडी खोकी उघडली तसतशा त्या भागांवर चिकटवल्या. गणपती झाल्यावर यंत्र जोडून द्यायला पोर्तुगालहून एक म्हातारा फिटर आला. त्याला इंग्रजी जेमतेम, म्हणून दुभाषी मीच. मी चांगली साडी नेसून गेले होते.

त्याने पहिल्यांदा मागितला तो काचेचा प्रवाह कमी-जास्त करणारा दट्ट्या. मी यादीतलं नाव सांगितलं आणि कारखान्यातल्या फिटरने चिठ्ठी बघून एक लांब दांडा आणला. म्हाताऱ्याने मान हलवली. तो माल लेरमध्ये ढकलण्यासाठीचा दांडा होता. मग साच्याखालचा आधार मागितला तर आली एक झडप. तिसऱ्या वेळी तो हसायला लागला. हसून झाल्यावर त्याने माझी यादी हातात घेतली आणि भागांपुढे एकेक करत फिरला. ह्याचं हे नव्हे. ह्याचं हेही नव्हे. हे मात्र बरोबर. हे नाही. मी त्याचं बोलणं इंग्रजीत करून मॅनेजरला सांगत होते. स्वतःच्या चुका दुसऱ्याच्या तोंडून ऐकून आपल्याच तोंडाने मोठ्याने सांगायच्या, असं काम माझ्या वाट्याला त्याआधी कधी आलं नव्हतं.

मॅनेजर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मॅडम, राहू द्या. पुढची खोकी आम्ही सॉफ्टवेअरला घालतो. हा माणूस जाईपर्यंत दुभाषी म्हणून या फक्त." मुकादम शेडच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. ते माझ्यासाठी वाईट वाटून गेले असं मला वाटलं.

रविवारी सकाळी मी काकांचे शब्द लिहून घेतलेली वही काढली. प्रत्येक पानावर वर तारीख घालायची माझी सवय आहे. म्हाताऱ्याने चूक म्हटलेल्या शब्दांना मी लाल खूण करत गेले. पहिली पानं स्वच्छ होती. तिसरा आठवडा, चौथा, पाचवा, एकही खूण नाही. मग एका शुक्रवारपासून लाल सुरू होत होतं, आणि शेवटपर्यंत थांबत नव्हतं. सरसकटही नव्हतं. दोन खरे, एक खोटा. एक खरा, दोन खोटे. ज्याला माहीत नसतं त्याच्या चुका अशा बेतलेल्या नसतात. माणूस थकला, विसरला, काहीही म्हणा, पण तो एका विशिष्ट शुक्रवारी दुपारपासून विसरायला लागत नाही.

त्या शुक्रवारी काय झालं ते मला आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण यंत्राची मोठी आकृती नेली होती, पिंपावर न मावणारी. आम्ही ती जमिनीवर पसरली. काका बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले आणि मग म्हणाले, "ह्याच्यात मानसं कुठं उभी ऱ्हातात?" मी कडेची सूची वाचून हौसेने दाखवलं, "एक इथे, बटणांपाशी. आणि एक इकडे, माल उतरवून घ्यायला."

"दोनच?"

"दोनच. किती सोपं करून टाकलंय बघा."

हे मी म्हटलं होतं. शेडमध्ये सोळा माणसं फुंकत असताना, त्यांच्या मुकादमाला, कौतुकाने. त्यांनी चहा संपवला, कप पिंपाखाली ठेवला आणि पुढचा भाग कुठला ते विचारलं. त्या पानावर पुढचा शब्द खोटा होता.

हे कळल्यावर मला शरम वाटायला हवी होती. मला राग आला. इतका राग मला नवऱ्याचाही कधी आला नव्हता. पाच आठवडे हा माणूस माझ्यासमोर बसून, माझी केळी खाऊन, कमरेत वाकून हातवारे करून, मला तोंडावर खोटं सांगत होता. ते हातवारे मला आठवत राहिले. खोट्या शब्दासाठीसुद्धा ते उठून यंत्र व्हायचे. मी हसायचे, तेही हसायचे. माझा सरळ सरळ विश्वासघात झाला होता, आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

दुपारी रिक्षा करून मी कामणला त्यांच्या घरी गेले. ते पडवीत बसून कोयत्याला मूठ बसवत होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. वही उघडून लाल पानं त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "हे मुद्दाम केलंत ना?"

"व्हय," ते म्हणाले. एवढंच. मी रस्ताभर तयारी केली होती ती सगळी ह्या एका शब्दाने वाया गेली.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तुमी सांगलं रेकॉर्डला पायजे," ते म्हणाले. "मीबी रेकॉर्डलाच सांगलं."

मग मी वेगळंच बोलायला लागले. वीस वर्षं, जन्मदाखले, दहा खोकी, पुस्तिकेवरचं नाव. बोलता बोलता रडले. परक्याच्या पडवीत रडायचं वय नव्हतं माझं. त्यांची बायको आतून पाणी घेऊन आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली. काय झालंय ते तिला ठाऊक नसावं, पण चूक कोणाची ते तिने ठरवलं होतं.

काकांनी तिच्या हातातला पेला घेऊन माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "मना मशीन अडवायची व्हती, बाय. तुमचं नाव घालवायचं नव्हतं. त्ये मी ध्यानात घेतलं नाय." त्यांनी कोयता बाजूला ठेवला. "वही काढा. खरं सांगतो सगलं."

आम्ही तिथेच बसलो. लाल खुणेचा एकेक शब्द घेऊन त्यांनी तो नीट समजावून सांगितला, काही ठिकाणी उठूनही दाखवला. मी लिहीत गेले. दोन तास लागले. शेवटचं पान झाल्यावर ते म्हणाले, "एकच सांगतो. ही यादी दिवाली झाल्यावर द्या. दिवालीच्या हंड्या हातानं करायच्या झाल्या, तर तवर शेठ त्या सोला जनांना काढनार नाय. तेवढ्या दिसांत कोन कुठं लागंल. दिवाली गेली का खुशाल द्या."

मी "बरं" म्हटलं. त्यांनी शपथ घ्यायला लावली नाही, हात पुढे केला नाही. बायकोला म्हणाले, बायला भेंडी दे.

पुढचं लपवत नाही. यंत्र दसऱ्याच्या आत सुरू झालं. हंड्या त्या वर्षी यंत्रावरच झाल्या, आणि सोळा जणांपैकी चौघं राहिले, तेही माल उचलायला. मुकादमांनी त्यानंतर काम सोडलं. उरलेली दहा खोकी टेम्पोने माझ्या घरी आली. आठ पुस्तिका झाल्या आहेत, त्या सगळ्यांवर माझं नाव आहे, आणि जन्मदाखले मी आता घेत नाही. मी यादी दिली नसती तरी तो म्हातारा फिटर आठ-पंधरा दिवस जास्त घालवून यंत्र जोडून गेलाच असता, असं मी स्वतःला सांगितलं. तो दिवाळीआधी परत जाणार होता, नंतर ती यादी कुणाच्याच उपयोगी पडली नसती, हेही मला माहीत होतं. ही सगळी कारणं मला नंतर सुचली. यादी पाठवायच्या आधी मात्र एकच गोष्ट घडली होती, ती सांगायची राहिली.

कामणहून आल्यावर सहा दिवस मी ती वही उघडली नाही. शनिवारी ती घेऊन फिटर उतरला होता त्या हॉटेलात गेले. वसई स्टेशनजवळचं हॉटेल, खाली नाश्त्याची जागा. म्हाताऱ्याला सुट्टीचा कंटाळा आला होता, तो खुशीने बसला. मी त्याला म्हटलं, एकेक भाग सांगते, तो काय काम करतो तेही मला समजलंय तसं सांगते, चुकलं तर थांबवा. मॅनेजरसाठी तपासायचं आहे असं त्याला वाटलं असणार. मी तपासत होते ते वेगळं. त्या मुकादमाने मला एकदा फसवलं होतं. ह्या यादीतही त्याने एक खोटा शब्द सोडला असेल, दिवाळीनंतरही यंत्र अडावं म्हणून, अशी माझी खात्री होती. खात्री कसली, मी तशी आशाच धरून होते. एक खोटा शब्द निघाला असता तर मी "बरं" म्हटलं होतं त्याला काही अर्थ उरला नसता. मी मोकळी झाले असते.

पहिल्या पानावर म्हाताऱ्याने मान डोलावली. दुसऱ्यावरही. मी अवघड शब्द दोनदा विचारले. एका झडपेपाशी तो थांबला तेव्हा मी पेन उचललं, पण तो नुसता वेटरला हाक मारत होता. मग म्हणाला, हे ज्याने सांगितलं त्याने आयुष्य भट्टीपुढे काढलं असणार. शेवटचं पान मी फार हळू वाचलं. तेही बरोबर होतं. एकही शब्द खोटा नव्हता. सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला मी यादी मॅनेजरला पाठवून दिली.